पित्ताशयाचे भरणे आणि रिकामे होणे : पित्तक्षारांच्या स्नायूंवरील परिणामाच्या संशोधनाचा इतिहास

सारांश

पित्ताशयाच्या स्नायूंचे आकुंचन तंत्रिका आणि संप्रेरके यांच्या नियंत्रणाखाली होते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. मात्र पित्ताशयात साठणाऱ्या पित्तक्षारांचाच त्या स्नायूंवर परिणाम होतो, ही गोष्ट स्पष्ट होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. कुत्रा, मांजर, गिनिपिग, खार आणि उंदीर या प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे या विचाराचा विकास कसा झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ‘पित्ताशय रिकामे कसे होते’ या प्रश्नावर संशोधकांचे लक्ष दीर्घकाळ केंद्रित राहिल्यामुळे ‘पित्ताशय भरते कसे’ हा प्रश्न दुर्लक्षित राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

यकृत पित्तरस अखंडपणे तयार करीत असते. परंतु आतड्याला त्याची गरज मुख्यतः जेवणानंतर भासते. या दोन गोष्टींतील कालांतर भरून काढण्याचे काम पित्ताशय करते. दोन जेवणांच्या मधल्या काळात पित्तनलिकेचे आतड्याकडील मुख बरेचसे मिटलेले असते आणि पित्त मागे वळून पित्ताशयात साठते. तेथे त्यातील पाणी व लवणे शोषली जाऊन ते घट्ट होते. स्निग्ध अन्न आतड्यात पोहोचताच पित्ताशयाच्या भिंतीतील मृदू स्नायू आकुंचन पावतात आणि साठलेले पित्त आतड्यात उतरते.

या पित्तातील कार्यकारी घटक म्हणजे पित्तक्षार. यकृतपेशी ते कोलेस्टेरॉलपासून बनवितात. स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कणांत विभाजन करून त्यांचे पचन व शोषण सुकर करणे, हे त्यांचे सर्वपरिचित कार्य होय. काम संपल्यावर सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषले जातात आणि रक्तावाटे यकृतात परततात. मनुष्याच्या शरीरात पित्तक्षारांचा एकूण साठा सुमारे दोन ते चार ग्रॅम एवढाच असतो. तो दिवसातून अनेक वेळा या मार्गाने फिरतो.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. ज्या पिशवीत हे क्षार साठतात, त्या पिशवीच्या स्नायूंवर त्यांचा स्वतःचा काही परिणाम होतो काय? आज या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. पित्तक्षारांच्या प्रभावाने पित्ताशयाचा स्नायू शिथिल होतो आणि हा प्रभाव किमान तीन वाटांनी पोहोचतो. हे उत्तर मिळेपर्यंतचा प्रवास पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका : ‘पित्त’ ही संकल्पना आणि ग्लिसन यांचे निरीक्षण

मराठी वाचकाच्या दृष्टीने प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. व्यवहारात आपण ‘पित्त झाले’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा जठरातील आम्लाचा त्रास अभिप्रेत असतो. आयुर्वेदातील पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष असून त्याची व्याप्ती कितीतरी मोठी आहे. ग्रीक वैद्यकातील ‘पिवळे पित्त’ ही संकल्पनाही याच जातीची होय. प्रस्तुत लेखात ‘पित्त’ हा शब्द केवळ यकृतात तयार होणाऱ्या रसासाठी वापरला आहे.

पित्ताशयाकडे हालचाल करणारा अवयव म्हणून पाहण्याची सुरुवात इंग्लंडमधील फ्रान्सिस ग्लिसन यांच्यापासून झाली, असे मानण्यास आधार आहे. १६५४ मध्ये त्यांचा यकृताच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पित्ताशय व पित्तनलिका उद्दीपित झाल्या म्हणजे आपले द्रव्य बाहेर टाकतात, असे त्यांनी त्यात मांडले आणि या गुणधर्मासाठी ‘उद्दीपनशीलता’ ही संकल्पना वापरली. पुढे १७५२ मध्ये आल्ब्रेख्ट फॉन हालर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या साहाय्याने या संकल्पनेला स्नायूंच्या शरीरक्रियाविज्ञानात मध्यवर्ती स्थान दिले. स्नायूंच्या आधुनिक अभ्यासातील एका पायाभूत कल्पनेचा उगम पित्ताशयाच्या निरीक्षणात सापडावा, ही बाब लक्षणीय आहे. मात्र या मांडणीत पित्ताशयाची कृती म्हणजे ‘बाहेर टाकणे’ एवढीच होती. तो दृष्टिकोन पुढील जवळजवळ साडेतीनशे वर्षे टिकला.

३. पित्तक्षारांची रासायनिक ओळख

स्नायूंचा अभ्यास एका वाटेने चालला असताना पित्तक्षारांचा अभ्यास रसायनशास्त्राच्या वाटेने स्वतंत्रपणे पुढे जात होता. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन यांनी बैलाच्या पित्तातून टॉरीन हे द्रव्य वेगळे केले. १८४४ मध्ये पेटेनकोफर यांनी साखर व गंधकाम्ल यांच्या साहाय्याने पित्ताम्ल ओळखण्याची रंगपरीक्षा शोधली. १८४८ च्या सुमारास श्ट्रेकर यांनी पित्ताम्ले ग्लायसीन किंवा टॉरीन यांच्याशी जोडलेल्या स्वरूपात असतात, हे दाखविले. हाइनरिख वीलांट यांना पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांनी तोपर्यंत मांडलेली रचना पूर्णतः बरोबर नव्हती. बर्नाल यांच्या क्ष-किरण अभ्यासानंतर १९३२ मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली.

या परंपरेतील एक प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १८७० मध्ये मॉरिट्झ शिफ यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, आतड्यात पोहोचलेले पित्त पुन्हा शोषले जाते आणि त्यामुळे यकृतातील पित्तनिर्मिती वाढते. पित्तक्षारांच्या यकृत-आतडे चक्राचा हा प्रायोगिक पाया होय. सतराव्या शतकात बोरेल्ली यांनी असे चक्र असले पाहिजे, असा तर्क केवळ गणिताच्या आधारे केला होता.

शिफ यांचा निष्कर्ष योग्यच होता. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झालेला दिसतो. पित्तक्षार दिले म्हणजे पित्त अधिक वाहते, हे सिद्ध झाल्यामुळे वैद्यकात पित्तक्षारांची गणना ‘पित्त वाहविणाऱ्या’ औषधांत होऊ लागली. यकृताने अधिक पित्त निर्माण करणे आणि पित्ताशयाने साठलेले पित्त बाहेर टाकणे या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत. औषधशास्त्राने त्यांना पुढे वेगवेगळी नावे दिली. तरी विचारात त्यांची सरमिसळ होत राहिली. जे द्रव्य पित्त ‘वाहविते’, तेच द्रव्य पित्ताशयाच्या स्नायूला ‘थांबविते’, ही शक्यता त्यामुळे सहसा कोणाच्या मनात आली नाही, असे अनुमान करता येते.

४. रिकामे होण्याचा प्रश्न : १८८७ ते १९२८

१८८७ मध्ये इटलीतील पेरूजा येथे शिकत असलेल्या रुजेरो ओड्डी या तरुण संशोधकाने पित्तनलिकेच्या मुखाशी असलेल्या परिसंकोची स्नायूचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेथील वर्तुळाकार तंतूंचा उल्लेख ग्लिसन यांनीही केला होता. ओड्डी यांनी मात्र प्राण्यांमध्ये त्या मुखाचा अवरोध किती असतो, याचे मापन केले. पित्ताशयात पित्त का साठते, याचे एक कारण त्यामुळे कळले. दार मिटलेले असते, म्हणून खोली भरते. हे स्पष्टीकरण इतके सहज पटण्यासारखे होते की, खोलीच्या भिंतींचाही त्यात काही वाटा असेल, असा विचार करण्याची गरज भासली नाही.

१९०५ मध्ये बेनब्रिज आणि डेल यांनी कुत्र्याच्या पित्ताशयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. व्हेगस तंत्रिकेच्या उद्दीपनाने पित्ताशयाचे आकुंचन होते आणि अनुकंपी तंत्रिकांच्या उद्दीपनाने ते शिथिल होते, असे त्यांच्या नोंदींवरून दिसून आले. स्नायू शिथिल होण्याचेही नियंत्रण असते, हा संकेत येथे मिळाला होता.

१९२१ मध्ये राउस आणि मॅकमास्टर यांनी कुत्र्याचे पित्ताशय पित्तातील पाणी काढून घेऊन ते जवळजवळ दहापट घट्ट करू शकते, हे दाखवून दिले. या निष्कर्षामुळे एक वाद निर्माण झाला. पित्ताशयात गेलेले पित्त नलिकेवाटे परत येतच नाही. ते भिंतीतूनच शोषले जाते, असे मत काही संशोधकांनी आग्रहाने मांडले. म्हणजे पित्ताशयाचे आकुंचन ही क्रियाच शंकास्पद ठरली. एडवर्ड बॉयडेन यांनी मांजरांना अंड्याचा बलक व साय खाऊ घातल्यावर त्यांचे पित्ताशय रिकामे होते, असे १९२० च्या दशकात दाखविले. १९२४ मध्ये ग्रॅहॅम आणि कोल यांनी यकृतावाटे पित्तात उतरणारे द्रव्य वापरून पित्ताशयाचे क्ष-किरण छायाचित्र घेण्याची पद्धत विकसित केली. त्यानंतर जिवंत प्राण्यात व मनुष्यात पित्ताशय रिकामे होताना प्रत्यक्ष पाहता येऊ लागले.

या वादावर अखेरचा पडदा १९२८ मध्ये पडला. आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी आतड्याच्या अंतस्त्वचेपासून काढलेल्या अर्काने पित्ताशयाचे आकुंचन होते, असे दाखविले. दोन कुत्र्यांचे रक्ताभिसरण परस्परांशी जोडून एकाच्या आतड्यात आम्ल सोडले असता दुसऱ्याचे पित्ताशय आकुंचन पावले. दोघांमध्ये तंत्रिकांचा संबंध नसल्यामुळे हा निरोप रक्तावाटेच गेला असला पाहिजे, हे उघड होते. या संप्रेरकाला त्यांनी कोलेसिस्टोकायनीन, म्हणजे ‘पित्ताशयाला हलविणारे’, असे नाव दिले. १९६० च्या दशकात स्टॉकहोम येथे योर्पेस आणि मुट यांनी ते शुद्ध केले व त्यातील तेहतीस अमिनो आम्लांचा क्रम उलगडला. स्वादुपिंडातील विकरे स्रवविणारे, १९४३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेले संप्रेरकही हेच, असे त्यातून निष्पन्न झाले.

आयव्ही व ओल्डबर्ग यांचा प्रयोग निःसंशय अभिजात दर्जाचा आहे. परंतु रिकामे होण्याचे कारण इतक्या सुस्पष्टपणे मिळाल्यावर भरण्याचे कारण शोधण्याची निकड उरली नाही. संप्रेरक ओसरले की स्नायू आपोआप सैल पडतो आणि पिशवी आपोआप भरते, ही समजूत पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

५. आतड्यातील पित्तक्षार : अप्रत्यक्ष परिणाम

पित्तक्षार आणि पित्ताशयाचा स्नायू यांचा संबंध प्रथम आतड्याच्या बाजूने लक्षात आला. १९७३ मध्ये मालागेलाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्यावरील अभ्यासात लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील पित्ताम्ले, तेथे आलेले पचनजन्य पदार्थ आणि स्वादुपिंड व पित्ताशय यांचे कार्य यांतील परस्परसंबंध तपासला. पुढे रक्तातील कोलेसिस्टोकायनीन मोजण्याच्या पद्धती विश्वसनीय झाल्यावर चित्र अधिक स्पष्ट झाले. कोलेस्टिरामीन हे पित्तक्षारांना बांधून ठेवणारे द्रव्य दिले असता जेवणानंतर हे संप्रेरक अधिक स्रवते आणि पित्ताशय अधिक जोराने आकुंचन पावते. आतड्यात पित्तक्षार पुन्हा मिसळले की स्रवण मंदावते, असे आढळून आले.

ही ऋण-प्रत्याभरणाची व्यवस्था आहे. अन्न आले की संप्रेरक स्रवते, पित्ताशय आकुंचन पावते, पित्तक्षार आतड्यात येतात आणि तेच क्षार संप्रेरकाचे स्रवण कमी करून आकुंचनाला आवर घालतात. या टप्प्यावर पित्तक्षार हे केवळ पचनाला मदत करणारे द्रव्य आहेत, ही कल्पना अपुरी ठरली. तरीही येथे स्नायूवरील परिणाम अप्रत्यक्षच होता. म्हणजे आकुंचनाचा निरोप क्षीण झाल्यामुळे स्नायू सैल पडत होता.

६. प्रत्यक्ष परिणामाचा शोध : विषबाधा की संदेश?

पित्तक्षारांच्या प्रत्यक्ष परिणामाकडे लक्ष वेधले गेले ते पित्ताशयातील खड्यांच्या अभ्यासामुळे. १९८३ मध्ये शॅफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर राहणारी खार आणि प्रेअरी डॉग या प्राण्यांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला. त्यांत खडे तयार होण्याच्या आरंभीच्या अवस्थेतच पित्ताशयाची आकुंचनक्षमता घटलेली आढळली. याचा अर्थ असा की, स्नायूचे शैथिल्य हे खड्यांचा केवळ परिणाम नसून त्यांच्या निर्मितीस हातभार लावणारे कारणही असू शकते. साचून राहिलेल्या पित्तात स्फटिक धरण्यास अवसर मिळतो, हे समजण्यासारखे आहे.

मग पित्तातील कोणता घटक स्नायूला दुर्बल करतो, याचा शोध सुरू झाला. कोलेस्टेरॉलबरोबरच पित्तक्षारांवर संशय होता. सर्व पित्तक्षार सारखे नसतात. चिनोडीऑक्सिकोलिक व डीऑक्सिकोलिक आम्लांचे क्षार जलद्वेषी, म्हणजे पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांशी अधिक जवळीक साधणारे असतात. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाचे क्षार तुलनेने जलस्नेही असतात. जलद्वेषी क्षार पेशीच्या आवरणात शिरून त्याला इजा करतात, हे ज्ञात होते. बिहार आणि बियानकानी यांच्या गटाने २००३ मध्ये गिनिपिगमधील तीव्र पित्ताशयदाहात जलस्नेही पित्ताम्ल स्नायूच्या कार्यात होणारा बिघाड टाळते, जलद्वेषी पित्ताम्ल टाळत नाही, असे दाखविले. या विचारसरणीत जलद्वेषी पित्तक्षारांचा परिणाम हा मूलतः एक प्रकारचा अपाय होता.

दरम्यान, दुसऱ्या दिशेने एक मोठा बदल घडत होता. १९९९ मध्ये पित्ताम्ले पेशीकेंद्रातील एफएक्सआर या ग्राहीला बांधून जनुकांचे कार्य नियंत्रित करतात, असे तीन संशोधक गटांनी दाखविले. २००२ आणि २००३ मध्ये जपानमधील दोन गटांनी पेशीच्या पृष्ठभागावरील पित्ताम्लग्राही शोधून काढला. टीजीआर५ किंवा जीपीबार१ अशा नावांनी तो ओळखला जातो. पित्ताम्लांसाठी शरीरात खास ग्राही आहेत, म्हणजेच पित्ताम्ले संप्रेरकांप्रमाणे संदेश देतात, ही कल्पना आता प्रतिष्ठित झाली. स्नायूवरील परिणामाकडेही नव्या नजरेने पाहणे शक्य झाले.

२००६ मध्ये डॅलस येथील मँगल्सडॉर्फ आणि क्लिवर यांच्या प्रयोगशाळेतून चोई व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचली की तेथे एफजीएफ१५ नावाचे संप्रेरक तयार होते. ज्या उंदरांत या संप्रेरकाचे जनुक काढून टाकले होते, त्यांची पित्ताशये जवळजवळ रिकामी आढळली. संप्रेरक टोचल्यावर ती भरली. पित्ताशय भरणे ही सक्रिय रीतीने नियंत्रित होणारी क्रिया आहे, हे प्रथमच निःसंदिग्धपणे सिद्ध झाले. यातील कालक्रम मनोज्ञ आहे. आतड्याच्या आरंभीच्या भागातून निघालेला संदेश पित्ताशय रिकामे करतो. पित्त आतड्याचा पल्ला पार करून अखेरच्या भागात पोहोचले की तेथून निघालेला संदेश त्याला पुन्हा भरण्यास सांगतो.

तिसरी वाट खुद्द पित्ताशयाच्या भिंतीत सापडली. २०१० मध्ये व्हरमाँट विद्यापीठातील लाव्ह्वा, माव व सहकाऱ्यांनी गिनिपिग आणि उंदीर यांच्या पित्ताशयाच्या स्नायूवर टॉरोचिनोडीऑक्सिकोलेट या जलद्वेषी पित्तक्षाराचा परिणाम तपासला. ५० ते १०० मायक्रोमोलर एवढ्या संहतीत स्नायूतील कॅल्शियमच्या उसळ्या आणि विद्युत्‌क्रिया झपाट्याने कमी झाल्या. हा परिणाम पुढील क्रमाने होतो : पित्तक्षार स्नायूवरील जीपीबार१ ग्राहीला बांधतो, पेशीत चक्रीय एएमपी वाढते, एक विशिष्ट पोटॅशियम मार्गिका उघडते आणि पेशीआवरणाचा विद्युत्‌भार बदलून स्नायू शांत होतो. मधुमेहावरील औषध म्हणून परिचित असलेले ग्लायबेनक्लामाइड ही मार्गिका बंद करते. ते वापरल्यावर पित्तक्षाराचा परिणाम नाहीसा झाला. ग्राहीचे जनुक नसलेल्या उंदरांतही परिणाम दिसला नाही. हा शेवटचा पुरावा निर्णायक होय. पित्तक्षार केवळ आवरणाला इजा करीत असता, तर ग्राही नसलेल्या उंदरांतही स्नायू मंदावला असता.

२०११ मध्ये डॅलसच्याच गटाने हा ग्राही पित्ताशय भरण्यास चालना देतो आणि हे कार्य एफजीएफ१५ पासून स्वतंत्र आहे, असे दाखविले. त्यापूर्वी २००६ मध्येच, हा ग्राही नसलेल्या उंदरांत खडे होण्यास पोषक आहार देऊनही कोलेस्टेरॉलचे खडे होत नाहीत, असे व्हॅसिलेव्हा व सहकाऱ्यांना आढळले होते. निरोगी अवस्थेत साठवणीस मदत करणारी यंत्रणाच विशिष्ट परिस्थितीत व्याधीला कारण ठरू शकते, असा याचा अर्थ होतो. चयापचयाच्या विकारांवर या ग्राहीला उद्दीपित करणारी औषधे शोधणाऱ्यांना हा इशाराच होता. त्या २०११ च्या निबंधातही अशा औषधांचा पित्ताशयावरील परिणाम तपासावा, अशी सूचना आहे.

७. प्राण्यांची निवड आणि अनुमानाच्या मर्यादा

या इतिहासात प्रयोगासाठी निवडलेल्या प्राण्याला विशेष महत्त्व आहे. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशयच नसते; माउस या लहान उंदराला ते असते. प्रस्तुत लेखात ‘उंदीर’ हा शब्द सर्वत्र या लहान उंदरासाठी योजला आहे.

शिवाय प्रत्येक प्राण्याचे पित्त वेगळे असते. कुत्र्याच्या पित्तक्षारांचे टॉरीनशी संयुग झालेले असते. सशाच्या पित्तात ग्लायसीनची संयुगे प्रमुख असतात. गिनिपिगच्या पित्तात चिनोडीऑक्सिकोलिक आम्लाचे प्राबल्य आहे. उंदराच्या पित्तात म्युरिकोलिक ही जलस्नेही पित्ताम्ले मोठ्या प्रमाणात असतात. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाचे नावच अस्वलावरून पडले आहे. एका प्राण्याच्या स्नायूवर दुसऱ्या प्राण्याच्या पित्तातील क्षार टाकून मिळालेला निष्कर्ष तिसऱ्या प्राण्याला, विशेषतः मनुष्याला, लागू करताना सावधगिरी बाळगणे अगत्याचे ठरते. आणखी एक मुद्दा असा की, पित्ताशयातील पित्त आणि स्नायू यांच्यामध्ये अंतस्त्वचेचा थर असतो. वेगळ्या काढलेल्या स्नायूवर थेट टाकलेली मात्रा आणि जिवंत प्राण्यात त्या स्नायूपर्यंत पोहोचणारी मात्रा यांत तफावत असू शकते.

या संशोधनासाठी असंख्य प्राण्यांचा उपयोग झाला, हे नमूद करणे हेही कर्तव्य आहे. एका प्राण्यावरील निष्कर्षाची व्याप्ती काळजीपूर्वक न आखल्यास त्या प्रयोगांचे मोल कमी होते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) पित्तक्षार पित्ताशयाच्या स्नायूला तीन वाटांनी शिथिल करतात : कोलेसिस्टोकायनीनचे स्रवण कमी करून, आतड्याच्या अखेरच्या भागातील एफजीएफ१५ च्या द्वारा आणि स्नायूवरील ग्राहीला प्रत्यक्ष बांधून.

(२) ‘पित्त वाहविणारे द्रव्य’ आणि ‘पेशीला इजा करणारे द्रव्य’ या पित्तक्षारांच्या दोन प्रस्थापित ओळखींमुळे त्यांच्या संदेशवाहक भूमिकेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

(३) १९२८ च्या यशस्वी प्रयोगाने एका प्रश्नाचे उत्तर दिले; परंतु त्याच्या जोडप्रश्नाची गरजही झाकून टाकली. स्नायूचे शिथिल होणे म्हणजे केवळ आकुंचनाचा अभाव, हे गृहीतक २००६ पर्यंत फारसे तपासले गेले नाही.

विद्यार्थ्यांना पित्ताशयाचे कार्य शिकविताना आपण बहुधा कोलेसिस्टोकायनीनपाशी थांबतो. पित्ताशय रिकामे झाल्यानंतर ते पुन्हा का भरते, असा प्रश्न वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर ‘ते आपोआप भरते’ हे उत्तर आता पुरेसे नाही. पाठ्यपुस्तकांच्या पुढील आवृत्त्यांत या दुसऱ्या अर्ध्या भागाला स्थान मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त करणे अनुचित ठरणार नाही.